विशेषाधिकाराविना किताब : बेल्जियमच्या उमराव घराण्यांचा प्रश्न आज कुठे उभा आहे

बेल्जियमच्या राज्यघटनेचे ११३वे कलम एका वाक्याचे आहे. राजाला उमरावपदाचे किताब देता येतात, मात्र त्या किताबांना कोणताही विशेषाधिकार जोडता येत नाही, एवढेच ते सांगते. त्याच घटनेचे दहावे कलम बजावते की या राज्यात दर्जावार भेद नाहीत. दोन्ही वाक्ये १८३१पासून घटनेत आहेत. १९९४च्या फेररचनेत फक्त त्यांचे क्रमांक बदलले. दोन शतके होत आली तरी ही दोन वाक्ये एकमेकांशी कशी जुळवायची, यावर बेल्जियममध्ये मतैक्य नाही.

हा प्रश्न केवळ हौशी वंशावळकारांचा आहे असे मला वाटत नाही. युरोपात जिथे राजेशाही उरली आहे, तिथेही नवे वंशपरंपरागत उमराव घडवणे बहुतेक थांबले आहे. नेदरलँड्समध्ये १९९४च्या कायद्याने राजघराण्याबाहेरच्यांसाठी ती वाट बंद झाली. ऑस्ट्रियाने १९१९मध्ये किताबच रद्द केले. जर्मनीने त्याच वर्षी त्यांना आडनावाचा भाग करून टाकले. फ्रान्समध्ये जुन्या किताबांची नोंद न्यायखाते ठेवते, पण नवा किताब कुणालाच मिळत नाही. बेल्जियममध्ये मात्र राजाचा हा अधिकार जिवंत आहे आणि तो दरवर्षी वापरलाही जातो. सुमारे तेराशे उमराव घराणी आणि वीस हजारांहून अधिक माणसे आज या कायद्याच्या कक्षेत येतात, असा सर्वसाधारण अंदाज दिला जातो. तेव्हा चर्चा जिवंत व्यवस्थेची आहे.

जमिनीपासून माणसापर्यंत

आजचा बेल्जियम ज्या प्रांतांतून बनला, ते बराच काळ हाब्सबुर्ग घराण्याच्या स्पॅनिश आणि नंतर ऑस्ट्रियन शाखेखाली होते. लिएजचे धर्मपीठीय राज्य तेवढे वेगळे. त्या काळी किताब अनेकदा जमिनीला चिकटलेला असे. एखादी जहागीर ‘काउंटी’ किंवा ‘मार्क्विसेट’ म्हणून उंचावली जाई आणि तिचा धनी काउंट किंवा मार्क्वी होई. श्रीमंत व्यापारी जमिनी विकत घेत आणि हळूहळू उमरावासारखे वागू लागत. त्याला आवर घालण्यासाठी या प्रांतांचे तेव्हाचे शासक आर्चड्यूक अल्बर्ट आणि इझाबेला यांनी १४ डिसेंबर १६१६ला फर्मान काढले. सनदेवाचून किताब लावणे, दुसऱ्याचे कुलचिन्ह वापरणे, नसलेल्या दर्जाचा मान घेणे या सगळ्याला त्यात दंड होता. १७५४मध्ये मारिया थेरेसाच्या राजवटीत तेच नियम पुन्हा कडक झाले. म्हणजे खोट्या किताबांची तक्रार चारशे वर्षांहून जुनी आहे.

१७९५मध्ये फ्रेंच प्रजासत्ताकाने हा प्रदेश आपल्यात सामील केला. क्रांतीचे कायदे इथे लागू झाले, सरंजामी हक्क गेले, वंशपरंपरागत उमरावपदही गेले. नेपोलियनने १८०८मध्ये स्वतःचे साम्राज्यी उमराव निर्माण केले आणि बेल्जियन घराण्यांतल्या काहींनी ते किताब घेतले. पण जुनी साखळी तुटली होती ती तुटलीच. यापुढे जुन्या घराण्यालाही आपले उमरावपद कागदोपत्री सिद्ध करून राज्यसत्तेकडून मान्य करून घ्यावे लागणार होते.

ती संधी १८१५मध्ये आली. व्हिएन्ना परिषदेनंतर हॉलंड आणि बेल्जियम एकत्र करून राजा विल्यम पहिला याचे राज्य उभे राहिले. विल्यमला आपल्या नव्या सिंहासनाला आधार हवा होता. त्याच्या राज्यघटनेत प्रांतिक सभांमध्ये उमराव, शहरे आणि ग्रामीण भाग अशा तीन वेगळ्या श्रेणी होत्या. वरच्या सभागृहात राजाने तहहयात नेमलेली माणसे बसत आणि त्यांत उमरावांचा भरणा असे. किताब पुन्हा राजकीय हक्काला जोडले गेले ते इथे. वॉटर्लूच्या विजयाबद्दल ड्यूक ऑफ वेलिंग्टनला ‘प्रिन्स ऑफ वॉटर्लू’ हा किताब आणि रणभूमीच्या परिसरात सुमारे एक हजार हेक्टर जमिनीचे उत्पन्न मिळाले, तेही याच काळात. ती देणगी बेल्जियन संसदेत अगदी अलीकडेपर्यंत प्रश्नोत्तरांचा विषय होत आली आहे.

१८३१च्या दोन कलमांचा अर्थ ही पंधरा वर्षे डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय लागत नाही. दर्जावार भेद नाहीत असे घटनाकारांनी लिहिले, तेव्हा त्यांच्या मनात मध्ययुगापेक्षा कालपरवाची विल्यमची व्यवस्था अधिक होती.

घटनेचा तोडगा आणि त्याची मर्यादा

१८३०ची क्रांती उमरावांविरुद्ध नव्हती. अँटवर्पजवळ बेर्खेमच्या लढाईत जखमी होऊन मरण पावलेला फ्रेडरिक द मेरोद काउंट होता. त्याचा भाऊ फेलिक्स हंगामी सरकारात होता. राजा मिळेपर्यंत देशाचा कारभार पाहणारा रीजंट सुर्ले द शोकिए बॅरन होता. घटना घडवणाऱ्या राष्ट्रीय काँग्रेसने २२ नोव्हेंबर १८३०ला १७४ विरुद्ध १३ मतांनी राजेशाही स्वीकारली. राजेशाही ठेवायची तर राजाकडे मान देण्याचे काही साधन हवे, आणि उदारमतवाद्यांना तर कायद्यापुढे समानता हवी. या दोन मागण्यांतून तो तोडगा निघाला. किताब राहिले, त्यामागचे हक्क गेले.

कागदावर हे स्वच्छ आहे. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकातली सत्ता दुसऱ्या दाराने आली. सिनेटवर निवडून येण्यासाठी वर्षाला एक हजार फ्लोरिन प्रत्यक्ष कर भरणारा माणूस लागे. साऱ्या देशात अशी माणसे काही शेकड्यांत मोजावी इतकीच होती आणि त्यांत जमीनदार उमराव मोठ्या संख्येने होते. कायद्याने उमरावाला खास जागा दिली नव्हती, पण कराची अट त्याच्या मापाने बेतल्यासारखी होती. लीन्यचे प्रिन्स युजीन वर्षानुवर्षे सिनेटचे अध्यक्ष होते. खेड्यापाड्यांत गढीचा मालक हाच बर्गोमास्टर, म्हणजे नगराध्यक्ष, असे चित्र सर्रास होते. १८९३मध्ये सर्व पुरुषांना मत मिळाले, तरी श्रीमंत आणि शिकलेल्यांना जादा मते होती; १९१९पासून एक पुरुष एक मत आले. त्यानंतर ही पकड सैल झाली. तरीही पहिल्या महायुद्धात पंतप्रधान असलेले काउंट शार्ल द ब्रोकव्हिल १९३२मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले.

म्हणून ‘विशेषाधिकार नाही’ हे वचन जेवढे सांगते, त्याहून बरेच काही ते न बोलता सोडून देते. मालमत्ता, नातेसंबंध, शिक्षण आणि ओळखी यांना ते हात लावत नाही. आजच्या वादातला अर्धा भाग या न बोललेल्या भागाचा आहे.

श्रेणी, सनद, वारसा

वरून खाली उतरंड अशी : प्रिन्स, ड्यूक, मार्क्वी, काउंट, व्हायकाउंट, बॅरन, आणि मग शेवालिए, ज्याला डच भाषेत रिडर म्हणतात. याच्याही खाली किताब नसलेले उमराव. डच भाषिकांत ते नावाआधी ‘योंकहेर’ लावतात, बाई असेल तर ‘योंकव्राऊ’. नावामागे ‘द’ असणे हा पुरावा नव्हे. फ्लेमिश आडनावांत ते साधे उपपद असते आणि अनेक शेतकरी घराण्यांच्या नावात ते पिढ्यान्‌पिढ्या आहे.

बाहेरच्या माणसाचा गोंधळ होतो तो इथे : उमरावपद आणि किताब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उमरावपद वंशपरंपरागत असेल तर ते पुरुष शाखेतल्या सगळ्या वंशजांकडे जाते. किताबाचे तसे नाही. तो सनदेत लिहिल्याप्रमाणे चालतो. कुठे थोरल्या मुलालाच, कुठे सगळ्या मुलांना, कुठे फक्त मूळ माणसाच्या हयातीपुरता. उर्सेल घराण्यात एका वेळी एकच ड्यूक असतो, बाकीचे काउंट आणि काउंटेस. लीन्य आणि मेरोद या घराण्यांत मात्र विसाव्या शतकात प्रिन्स हा किताब साऱ्या वंशजांसाठी खुला झाला. त्यामुळे एकाच दर्जाच्या दोन घराण्यांत एका घरी एक किताबधारी असतो आणि दुसऱ्या घरी डझनावारी. लग्नाने उमरावपद मिळत नाही. बॅरनच्या पत्नीला बॅरोनेस म्हणतात ते रिवाजाने. बॅरोनेसच्या नवऱ्याला रिवाजही काही देत नाही.

या सगळ्याचा कारभार परराष्ट्र खात्याकडे आहे. सल्ला देते उमरावपद परिषद, जी १८४४मध्ये हेराल्डिक कौन्सिल म्हणून स्थापन झाली. राजाचा आदेश निघाला म्हणजे काम संपले असे होत नाही. ज्याला मान मिळाला त्याने परिषदेशी बोलून कुलचिन्ह ठरवायचे. ढालीवर काय असावे, शिरस्त्राणावर काय, बोधवाक्य कोणत्या भाषेत, हे सगळे त्यात येते. मग नोंदणी शुल्क भरून सनद उचलायची. सनद चर्मपत्रावर लिहिलेली असते, तिच्यात कुलचिन्ह रंगवलेले असते, राजाची सही असते आणि तिच्याखाली परराष्ट्रमंत्र्याची प्रतिस्वाक्षरी. ती दुसरी सही महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे प्रत्येक किताबाची राजकीय जबाबदारी निवडून आलेल्या सरकारवर येते. नसलेला किताब जाहीरपणे लावणाऱ्याला १८६७च्या दंडविधानाने दंड ठेवला.

याच परराष्ट्र खात्याच्या समारंभांसाठी ब्रुसेल्समध्ये एगमाँट राजवाडा वापरला जातो. तो एकेकाळी आरेनबर्ग ड्यूकांचा होता. त्यांची बेल्जियममधली मालमत्ता पहिल्या महायुद्धानंतर जर्मन समजून जप्त झाली, आणि लूव्हेनजवळच्या हेवर्ले इथल्या त्यांच्या गढीत आज विद्यापीठ आहे. किताबाचे संरक्षण मालमत्तेपर्यंत पोचत नाही, याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

गुणांचे उमरावपद

पहिल्या राजांच्या काळात किताब प्रामुख्याने जमीनदार, सेनानी, न्यायाधीश आणि मंत्री यांच्याकडे जात. पुढे उद्योगपती आले. ब्रुसेल्सपासून कैरोपर्यंत ट्रामगाड्या आणि पॅरिसची मेट्रो उभारणारा एदुआर आंपें १९०७मध्ये बॅरन झाला. जुन्या आणि नव्या घराण्यांत सोयरिकी जुळत गेल्या, आणि उमराववर्ग सतत नव्याने भरला गेला. पॉल यानसेन्स यांच्यासारख्या इतिहासकारांनी मध्ययुगाच्या अखेरीपासूनची आकडेवारी मांडून दाखवले आहे की हा वर्ग कधीच बंद कुंपणाचा नव्हता. जुनी घराणी पुरुष वारस नसल्यामुळे संपत राहिली आणि नव्यांनी त्यांची जागा घेतली. आजच्या घराण्यांतला फार मोठा भाग १८१५नंतरच्या सनदांवर उभा आहे.

खरा पालट राजा बोदुएँ यांच्या काळात झाला. वंशपरंपरागत किताबांऐवजी तहहयात किताबांचे प्रमाण वाढत गेले. १९७८मध्ये एक सल्लागार समिती नेमली गेली. फ्रेंच आणि डच या दोन्ही भाषागटांतल्या माणसांनी बनलेली ही समिती नावे तपासून राजाकडे शिफारस करते. यादी साधारण २१ जुलैच्या राष्ट्रीय दिनाच्या सुमारास जाहीर होते.

यादीतली नावेच बदल सांगतात. रसायनशास्त्रज्ञ इल्या प्रिगोजीन आणि पेशीजीवशास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द दूव्ह १९८९मध्ये व्हायकाउंट झाले. बेल्जियमचा पहिला अंतराळवीर डर्क फ्रिमाउट १९९२मध्ये व्हायकाउंट झाला. किराणा दुकानदाराचा मुलगा, सायकलपटू एडी मर्क्स १९९६मध्ये बॅरन झाला. ब्रुसेल्सच्या मारोल वस्तीत, कॅफे चालवणाऱ्या आईबापांच्या घरी जन्मलेले माउथऑर्गनवादक टूट्स टीलेमान्स २००१मध्ये बॅरन झाले. नृत्यदिग्दर्शिका आन तेरेसा द केर्समेकर, गणितज्ञ इंग्रिड डोबशी आणि कादंबरीकार आमेली नोतोंब बॅरोनेस झाल्या. ऑलिंपिक समितीचे जॅक रोग १९९२मध्ये शेवालिए आणि २००२मध्ये काउंट झाले. युरोपीय परिषदेचे पहिले कायमस्वरूपी अध्यक्ष हेरमन व्हॅन रॉम्पुई २०१५मध्ये काउंट झाले. मान नाकारणारेही आहेत, कुणी तत्त्व म्हणून, कुणी राजकारणात अडचण नको म्हणून.

आणि तरी जन्माचा धागा तुटलेला नाही. १९९९मध्ये राजपुत्र फिलीप यांचा विवाह मातिल्द द्युदकेम दाकोझ यांच्याशी ठरला. त्या योंकव्राऊ होत्या, म्हणजे जुन्या पण किताब नसलेल्या उमराव घराण्यातल्या. ४ डिसेंबरच्या लग्नाआधी, नोव्हेंबरात, त्यांचे वडील पात्रिक यांना काउंट करण्यात आले, आणि तो मान वंशपरंपरागत होता. कुणी रागवावे असे त्यात काही नव्हते, राजघराण्यात अशी प्रथा आहे. पण एकाच दशकात एक बॅरन पेडल मारून झाला आणि एक काउंट मुलीच्या लग्नामुळे. दोन्ही सनदा एकाच खात्यातून, एकाच कलमाखाली निघाल्या.

मते कुठे विभागतात

पहिली भूमिका समूळ रद्द करण्याची. तिचे म्हणणे असे की समानतेच्या घटनेत जन्मावर आधारलेला दर्जा बसूच शकत नाही, विशेषाधिकार असोत वा नसोत. सरकारी नोंदीत, न्यायालयात, शाळेच्या यादीत नावामागे ‘बॅरन’ असणे हे स्वतःच एक सामाजिक भांडवल आहे आणि ते काही मुलांना पाळण्यातच मिळते. डाव्या पक्षांत आणि राजेशाहीविरोधी फ्लेमिश राष्ट्रवाद्यांत हे मत आढळते, मात्र दोघांची कारणे निराळी आहेत. डाव्यांना वर्गाचा प्रश्न दिसतो. राष्ट्रवाद्यांना दिसते ते असे की फ्लांडर्समधल्या उमराव घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरात फ्रेंच बोलली आणि आपल्याच कुळांच्या भाषेपासून अंतर राखले. ही तक्रार ऐतिहासिकदृष्ट्या निराधार नाही. अलीकडच्या पिढीत डच बोलणारी उमराव घराणी बरीच वाढली आहेत, आणि सनदही डच, फ्रेंच किंवा जर्मन भाषेत मिळते. जुनी आठवण मात्र पुसलेली नाही.

दुसरी भूमिका राखण्याची. बेल्जियन उमरावांची संघटना १९३७मध्ये स्थापन झाली. तिचे एक मूळ काम अडचणीत आलेल्या उमराव कुटुंबांना मदत करणे हे होते. बाहेरच्या माणसाला याचे नवल वाटेल, कारण किताब म्हटला की गढी डोळ्यांसमोर येते. पण अनेक किताबधारी साध्या पगारावर जगतात. या बाजूचे म्हणणे असे : आमच्याकडे हक्क नाहीत, आहे ती स्मृती आणि अपेक्षा. पूर्वजाने देशासाठी काही केले, म्हणून नाव मिळाले, आणि ते लावणाऱ्यावर ओझे येते. लीन्य घराण्याची बेलॉयची गढी आणि तिची बाग लोकांसाठी खुली आहे. अशा वास्तू पिढीजात माणसेच टिकवतात असा त्यांचा दावा आहे. १९३४पासून ऐतिहासिक वास्तूंच्या मालकांची वेगळी संघटनाही काम करते. तिसरा मुद्दा त्यांचा मला सगळ्यांत वजनदार वाटतो : सनद म्हणजे राज्याने दिलेला शब्द आहे आणि मागाहून तो मोडणे हे दिलेले पदक काढून घेण्यासारखे आहे.

तिसरी भूमिका मधली, आणि व्यवहारात तीच चालू आहे. नवे किताब द्यावेत, पण तहहयात. वंशपरंपरा जुन्यांपुरती ठेवावी. या भूमिकेवर दोन्हीकडून टीका होते. रद्द करू पाहणारे म्हणतात, गुणवंतांसाठी पदके आणि सन्मानमाला आहेतच, मग उमरावपद कशाला? राखू पाहणारे म्हणतात, वारसा नसलेले उमरावपद हे केवळ अधिक भारदस्त पदक आहे. माझ्या मते या दोन्ही टीका एकाच ठिकाणी बोट ठेवतात. तहहयात किताबाने प्रश्न सुटत नाही, तो फक्त नव्या माणसांपुरता पुढे ढकलला जातो. जुन्या तेराशे घराण्यांच्या सनदा जशाच्या तशा राहतात.

या तीन भूमिकांच्या बाहेर एक वेगळा विषय अलीकडे पुढे येतो आहे तो काँगोचा. राजा लिओपोल्ड दुसरा याच्या काळात आणि त्यानंतरही वसाहतीतल्या कामगिरीबद्दल किताब दिले गेले. पूर्व काँगोतल्या मोहिमांनंतर फ्रान्सिस धानिस बॅरन झाला. काँगोचा गव्हर्नर-जनरल तेओफिल वाहिस बॅरन झाला. जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या ताबोराच्या विजयाबद्दल शार्ल तोंबर बॅरन झाला आणि आडनावाला ‘द ताबोरा’ जोडले गेले. बेल्जियममध्ये वसाहतवादाच्या पुतळ्यांवर आणि रस्त्यांच्या नावांवर जोरदार चर्चा झाली. सनदांकडे ती अजून फारशी वळलेली नाही. नातवंडांनी आजोबांच्या कामगिरीची जबाबदारी घ्यावी का, आणि घ्यायची नसेल तर त्या कामगिरीचा मान तरी का घ्यावा, हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

मुलीकडून पुढे काय जाते?

सगळ्यांत मोठा न सुटलेला प्रश्न स्त्रियांचा आहे, आणि इतर वादांच्या गर्दीत त्याला पुरेशी जागा मिळत नाही असे मला वाटते.

नियम साधा आहे. वंशपरंपरागत उमरावपद बापाकडून मुलांकडे आणि मुलींकडे येते. मुलींकडून पुढे जात नाही. काउंटची मुलगी जन्मापासून उमराव असते आणि सनद तशी असेल तर काउंटेसही असते. तिने उमराव नसलेल्या माणसाशी लग्न केले की तिची मुले उमराव नसतात. तिच्या भावाने कुणाशीही लग्न केले तरी त्याची मुले उमराव. काही मोजक्या सनदांत अपवाद केले गेले आहेत, पण ते राजाने त्या त्या घराण्यासाठी केलेले अपवाद आहेत, नियम नाही.

या नियमाभोवतीचा सगळा कायदा गेल्या पन्नास वर्षांत बदलला. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने १९७९मध्ये ‘मार्क्स विरुद्ध बेल्जियम’ या खटल्यात विवाहबाह्य मुलांशी होणारा भेद अमान्य केला आणि १९८७मध्ये बेल्जियमने पालकत्वाचा कायदा बदलला. १९९१मध्ये सिंहासनाचा वारसा थोरल्या अपत्याला देण्यात आला, मुलगा असो वा मुलगी. म्हणूनच राजा फिलीप यांच्या थोरल्या कन्या राजकन्या एलिझाबेथ देशाच्या पहिल्या राज्यकर्त्या राणी होतील. २०१४च्या कायद्याने आईचे आडनाव, बापाचे किंवा दोघांचे, मुलाला देण्याची मुभा मिळाली. २०२०मध्ये ब्रुसेल्सच्या अपील न्यायालयाने माजी राजे अल्बर्ट दुसरे यांच्या विवाहबाह्य कन्या डेल्फिन यांना बेल्जियमच्या प्रिन्सेस हा किताब लावण्याचा हक्क दिला. सिंहासन मुलीकडे जाते, आडनाव आईकडून जाते, विवाहबाह्य जन्माची भिंत राजवाड्यातही पडली. बॅरनचे पद मात्र अजूनही मुलापाशीच अडते.

त्यातून उभ्या राहणाऱ्या विसंगती नुसत्या कल्पनेतल्या नाहीत. उमराव आई आपल्या मुलाला स्वतःचे प्रसिद्ध आडनाव देऊ शकते. त्या मुलाचे नाव ऐकून सगळे त्याला उमराव समजतील आणि कायद्याने तो उमराव नसेल. उलट उमराव बापाच्या मुलाने आईचे आडनाव लावले, तर ज्या नावासाठी सनद दिली होती ते नावच गळते. मग सनदेचे काय, असा प्रश्न विचारला जातो. जुन्या सनदांत ‘वैध विवाहातून जन्मलेले’ असे शब्द आहेत, आणि १९८७नंतर दिवाणी कायद्यात अपत्यांमध्ये हा भेद उरलेला नाही. दत्तक मुलाकडे उमरावपद जात नाही, हे कायद्यानेच सांगितले आहे.

बदलाच्या बाजूने बोलणारे स्पेनकडे बोट दाखवतात. स्पेनने २००६मध्ये कायदा करून किताबांच्या वारशात मुलगा-मुलगी समान केले. विरोधातला युक्तिवादही स्पेनमधूनच येतो. त्याआधी काही स्पॅनिश स्त्रिया स्ट्रासबर्गला गेल्या होत्या. १९९९मध्ये न्यायालयाने त्यांचे अर्ज दाखल करून घेतले नाहीत, कारण किताब ना खासगी आयुष्याच्या संरक्षणात बसतो ना मालमत्तेच्या, असे त्याने ठरवले. म्हणजे हक्काच्या भाषेत हा प्रश्न सुटेल याची खात्री नाही. विरोधकांचे आणखी एक म्हणणे आहे, आणि ते हिशेबाचे आहे. दोन्ही बाजूंनी वारसा खुला झाला तर तीन-चार पिढ्यांत उमरावांची संख्या कित्येक पटींनी वाढेल आणि आज पुरुष शाखा खुंटल्याने जी घराणी संपतात ती संपणार नाहीत. संख्या वाढली की मान उतरेल, अशी भीती त्यामागे आहे. मधला मार्ग म्हणून थोरल्या अपत्याचा नियम सुचवला जातो, जसा सिंहासनाला आहे. पण बेल्जियममध्ये उमरावपद सगळ्याच मुलांकडे जाते, त्यामुळे तो नियम फक्त काही किताबांना लागू पडेल.

तहहयात किताब याही ठिकाणी प्रश्नाला बगल देतात. इंग्रिड डोबशी स्वतःच्या गणितावर बॅरोनेस झाल्या. त्यांच्या किताबासाठी बाप किंवा नवरा लागला नाही. स्त्री किताब कमावू शकते, हे आज कुणी अमान्य करत नाही. जन्माने मिळालेले ती पुढे देऊ शकते का, इथे गाडे थांबते.

निर्णय कुणाचा

शेवटी प्रश्न येतो अधिकाराचा. किताब देणे हा घटनेने राजाला दिलेला अधिकार आहे. मग वारशाचा नियम संसदेने साध्या कायद्याने बदलावा, की राजाने मंत्र्याच्या सहीने प्रत्येक घराण्यासाठी नवी सनद द्यावी, की ११३वे कलमच दुरुस्त करावे? १२ नोव्हेंबर २०१५च्या शाही आदेशाने राजा फिलीप यांनी ‘बेल्जियमचा प्रिन्स’ हा किताब राजाची आणि युवराजाची मुले व नातवंडे यांच्यापुरता आखून दिला. म्हणजे राजघराण्याचा परीघ आदेशाने ठरू शकला. राजघराण्याबाहेरच्या तेराशे घराण्यांसाठी तसा सर्वांना लागू पडणारा आदेश काढता येईल का, यावर कायदेपंडितांत दोन तर्क संभवतात. एक म्हणतो, सनद ही राजाचीच देणगी आहे, तेव्हा तिचा अर्थही राजाच बदलू शकतो. दुसरा म्हणतो, एकदा दिलेल्या वंशपरंपरागत सनदेवर अनेक माणसांचा दर्जा उभा आहे, त्याला कायद्याचाच आधार हवा. कोणत्याही मार्गाने गेले तरी परराष्ट्रमंत्र्याची प्रतिस्वाक्षरी लागेल, आणि किताबांसाठी राजकीय किंमत मोजावी लागेल अशी सही करायला आघाडी सरकारातले पक्ष सहसा उत्सुक नसतात.